चाळीतली एक लादी आणि फुटक्या कपबश्या: बाल्कनीतलं मोझाइकचं टेबल

पहिलं टेबल मी जूनमध्ये बाल्कनीत ठेवलं आणि ऑगस्टमध्ये केरसुणीने गोळा केलं. साध्या प्लायवर लाकडाच्या गोंदाने कपबश्यांचे तुकडे चिकटवले होते, फटींत व्हाइट सिमेंट फासलं होतं आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलंही होतं. डोंबिवलीचा पाऊस तिरका येतो. प्लाय पाणी प्यायली, फुगली, आणि तुकडे एकेक करून टपाटप सुटले. सौ.ने एवढंच विचारलं, "अहो, हे ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्या?"

मी ३६ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. जॉब बिघडला की आधी खालचं फिक्श्चर, म्हणजे काम धरून ठेवणारी बैठक, बघायचं, ही अंगात मुरलेली सवय. तुकडे बघितले तर सगळे ठणठणीत, एकही तडकलेला नाही. हललं होतं ते खालचं. लाकूड पाण्याने फुगतं आणि उन्हात आकसतं, चिनी माती यातलं काहीच करत नाही. दोघांची गाठ मारली की एक हलणार आणि दुसरा सुटणार. म्हणून दुसऱ्या टेबलात लाकूड घातलंच नाही. ते टेबल चार पावसाळे काढून अजून उभं आहे. खाली सांगतोय ते त्याचं.

सामान

टेबलाच्या मधोमध आमच्या गिरगावच्या चाळीतली लादी आहे, ८ बाय ८ इंचांची, मरून आणि क्रीम रंगांत, मध्ये काळी चांदणी. चाळ पाडायच्या आधी तिथल्या मुकादमाला विचारून गॅलरीतल्या १४ काढल्या, त्यातल्या ९ अख्ख्या निघाल्या. आमच्या लाद्या चुन्यात बसवलेल्या होत्या म्हणून निघाल्या. पातळ छिन्नी आडवी घालून हळूहळू उचकटलं की चुना भुगा होऊन लादी सोडतो. सिमेंटमध्ये बसवलेली लादी काढायला जाल तर सिमेंट राहील आणि लादी फुटेल. तिच्या नादी लागू नका.

ही लादी भट्टीत भाजलेली नसते, हे आधी डोक्यात ठेवा. लोखंडी साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात आणि एकेका घरात रंग मिसळलेलं पातळ सिमेंट आणि संगमरवराची पूड ओततात. मग जाळी उचलून वर कोरडं सिमेंट, त्यावर सिमेंट-वाळूचा साधा माल, आणि दाबयंत्राखाली दाबून लादी पाण्यात मुरवतात. मुंबईत भारत फ्लोरिंग्जने १९२२ मध्ये स्वदेशी म्हणून अशा लाद्या काढायला सुरुवात केली, त्याआधी त्या बोटीने यायच्या. सांगायचा मुद्दा असा की वरचा रंगीत थर जेमतेम ३-४ मिलिमीटर असतो, आणि तो सिमेंटचा असतो. त्याला ॲसिड लावलंत तर मळ जाईलच, पण रंगही जाईल. बाथरूम साफ करायच्या बाटलीला तर हातच लावू नका. मी २२० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून गोल फिरवला, मग ४००चा. शंभरेक वर्षांचं पावलांचं काळं मेण तासाभरात निघालं आणि मरून रंग असा वर आला की सौ. हातातली भाजी ठेवून बघायला आली.

बाकी सामान: पाऊण इंची शहाबादी फरशी ४५ बाय ४५ सेंटिमीटर, ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची (एल आकाराच्या पट्टीची) चौकट, दीड किलो सिमेंट, चाळलेली वाळू तीन लिटर, दीड-दोन किलो टाइल ॲडहेसिव्ह, फटींसाठी अर्धा-पाऊण किलो ग्रे सिमेंट आणि थोडा काळा ऑक्साइड (सिमेंटमध्ये मिसळायचा रंग). हत्यारं म्हणाल तर टाइल तोडायची पक्कड, छोटा हातोडा, जुना चष्मा नव्हे तर खरा गॉगल, रबरी हातमोजे आणि गोणपाट.

शहाबादी का, तर ती वरून खरखरीत असते, सिमेंट तिला पकडतं. घरात जुन्या ओट्याचा कडप्पा पडला असेल तर तोही चालेल, पण पॉलिश केलेली बाजू खाली आणि खडबडीत वर.

चौकटीचा हिशोब मी कागदावर केला, तुम्हीही करा. लादी जाडीला २० मिलिमीटर. कपबशीचा तुकडा ४. दोन्हींचा माथा एका पातळीत यायला हवा, नाहीतर कप ठेवला की डुगडुगणार. अँगल ५०चा, त्याची खालची पात ६ मिलिमीटर जाड, म्हणजे आत उंची मिळाली ४४. फरशी २०, तिच्यावर लादीखाली मालाचा थर ४, लादी २०. झाले ४४, लादी चौकटीच्या काठाला बरोबर. वेल्डरला आतलं माप ४६ सेंटिमीटर दिलं, म्हणजे ४५च्या फरशीभोवती सगळीकडून ५ मिलिमीटर मोकळे राहतात. खाली मधून एक पट्टी आडवी घ्या. सगळं भरल्यावर हे २८ किलोच्या आसपास जातं, पाय वेगळे. वेल्डर म्हणाला, "काका, टेबल करताय का लेथचा बेड?" रेड ऑक्साइडचा हात आणि ऑइलपेंटचे दोन हात आधीच मारून घ्या, नंतर कोपऱ्यात ब्रश जात नाही.

तुकडे

आमच्याकडे फुटलेली कपबशी टाकत नाहीत, म्हणजे मी टाकू देत नाही. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे भरले होते. त्यात आईच्या निळ्या फुलांच्या बश्या, भावाच्या लग्नात आलेला सोनेरी काठाचा सेट (सहातले दोन कप रुखवतातच फुटले होते) आणि एक हिरवी किटली.

वर्गवारी रंगाने नाही, जाडीने करा. मी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, लावला. तुमच्याकडे नसेल तर दोन तुकडे शेजारी ठेवून नख फिरवा, अडलं तर फरक जास्त आहे. बोन चायनाचा कप अडीच मिलिमीटरचा निघाला, हॉटेलातला जाडा कप साडेपाच. मी ३ ते ५च्या मधले घेतले, बाकीचे बाजूला. सपाट भाग बश्यांच्या आणि क्वार्टर प्लेटच्या मध्यावर मिळतो. कपाची भिंत वाकडी असते, तिचे तुकडे अर्ध्या इंचाहून लहान केलेत तरच ते सपाट असल्यासारखे बसतात. कपाचे कान कुठेच बसत नाहीत.

काचेच्या बांगड्या घालू का, असं मला दोघींनी विचारलंय. टेबलावर नको. चंदिगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्याच्या बाहुल्या उभ्या केल्या आहेत, १९७६मध्ये ती बाग लोकांना खुली झाली. पण त्या बाहुल्यांवर कोणी कोपर टेकून चहा पीत नाही.

तोडताना बशी गोणपाटात गुंडाळा, खाली लाकडी पाट, आणि मध्यावर एकच ठोका द्या. दोन-चार मोठे तुकडे झाले की हातोडा ठेवा आणि पक्कड घ्या. पकडीत सगळे गोत्यात येतात ते इथे. सुपारी कातरल्यासारखा तुकडा अर्धा आत घालून दाबतात, मग तो पाहिजे तिथे न तुटता भलतीकडेच तडकतो. पकडीचा जबडा काठावर फक्त ३ मिलिमीटर आत घ्या, ज्या दिशेने तडा जायला हवा त्या दिशेला जबडा रोखा, आणि दाबा. तडा पुढचा रस्ता स्वतः धरतो. पाच-सहा तुकडे वाया जातील, मग हात बसतो. बशीच्या बुडाचं गोल कडं मात्र काढलंच पाहिजे, ते ठेवलंत तर तुकडा त्या कड्यावर उभा राहतो आणि खाली पोकळ.

तोडताना तुकडे पाण्यात बुडवून घ्या, धूळ उडत नाही. ती धूळ फुप्फुसाला वाईट, आणि जुन्या रंगीत ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या चकचकीत थरात, शिसंही असू शकतं. त्याच कारणाने या टेबलावर थेट पोळी लाटायचा वगैरे विचार करू नका.

आधी कोरडी मांडणी

वर्तमानपत्रावर ४५ सेंटिमीटरचा चौकोन काढा, मध्ये लादी ठेवा आणि सगळे तुकडे कोरडे मांडा. मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि खरं सांगतो, सगळ्या कामात मजा एवढीच. पुढची हमाली.

आधी बाहेरची ओळ लावा. तिथे तुकड्याची मूळची कड, म्हणजे बशीचा गुळगुळीत काठ, बाहेरच्या बाजूला येऊ द्या, हाताला लागत नाही. माझ्या बाहेरच्या ओळीत सोनेरी काठ फिरलाय. मग लादीला लागून आतली ओळ. मधलं शेवटी भरायचं. दोन तुकड्यांत फट आगपेटीच्या काडीएवढी, दोन मिलिमीटर. फट लहान-मोठी झाली तर डोळा नक्षीकडे जात नाही, फटीकडे जातो. चार कोपरे एका बिंदूत आणू नका, तिथे नेहमी एक काळा ठिपका दिसत राहतो. आणि सगळे तुकडे चौकोनी कापण्याचा अट्टहास सोडा. तसंच करायचं असेल तर बाजारात जाळीवर चिकटवलेलं तयार मोझाइक मिळतं.

माझा मुलगा बार्सिलोनाला गेला होता तेव्हा त्याने पार्क ग्वेलमधल्या लांबलचक नागमोडी बाकाचे फोटो पाठवले. वास्तुकार गौदीची बाग, १९०० ते १९१४ची, बाकाच्या तुकड्यांचं बरंचसं काम जुजोल या त्याच्या सहकाऱ्याचं. तिकडे या प्रकाराला त्रेंकादिस म्हणतात. मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या चाळीची गच्ची. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझाइक, दुपारी डोळे दिपायचे, पण कोब्याच्या गच्चीसारखे पाय भाजायचे नाहीत. पांढरं ग्लेझ ऊन परत फेकतं. आणि तुकडेच का, तर गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, कठड्याच्या बुडाशी गोलाई असते. अख्खी टाइल गोलाईवर बसत नाही, तुकडा बसतो. त्या बाकालाही नेमकं हेच कारण.

माल आणि बसवणं

चौकटीत फरशी ठेवा. चारी बाजूंच्या ५ मिलिमीटर मोकळ्या जागेत थर्माकोलच्या पट्ट्या उभ्या घाला. फरशी आणि लादी दोन्ही पाण्याने भिजवून घ्या. कोरडी लादी मालातलं पाणी शोषून घेते आणि माल नुसता भुगा राहतो. फरशीवर ताकाएवढं पातळ सिमेंट ब्रशने फासा आणि ते ओलं असतानाच मध्ये ४ मिलिमीटरचा थर देऊन लादी बसवा. चौकटीवर पट्टी आडवी टाकून पातळी बघा. इथे मी शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावलं होतं. मी लादी दाबत होतो तर म्हणाले, "दाबू नका काका. ठोका. फरशी चिकटवायची नसते, बसवायची असते." रबरी हातोड्याने मध्यावर हलके चार ठोके, आणि लादी खरंच बसली.

उरलेल्या भागात एक डबा सिमेंटला तीन डबे वाळू असा माल, मुठीत लाडू वळेल आणि हात ओला होणार नाही इतपतच पाणी. याची पातळी चौकटीच्या काठापासून ७ मिलिमीटर खाली हवी: तुकडा ४, ॲडहेसिव्ह ३. मी प्लायची एक १५ सेंटिमीटरची पट्टी घेतली, तिच्या दोन्ही टोकांना सात-सात मिलिमीटरची खाच केली. एक खाच चौकटीवर, एक लादीवर टेकवायची आणि पट्टी ओढायची, की माल आपोआप ७ खाली. (पहिल्या टेबलातली प्लाय इथे कामाला आली.) वर तारेने आडव्या-उभ्या रेघोट्या मारा. ओलं गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारत राहा. इथे घाई केलीत तर नंतर बोटाने वाळू निघते.

आठव्या दिवशी कोरड्या मांडणीतले तुकडे चौकटीत न्यायचे. ॲडहेसिव्ह श्रीखंडाएवढं घट्ट कालवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा एकदा हलवा. एका वेळी तळहाताएवढ्या भागातच पसरा. पंधरा-वीस मिनिटांत वर साय धरते आणि मग तुकडा वरवर चिकटतो, आत धरत नाही. तुकड्याच्या पाठीलाही थोडं लावा, वाकड्या तुकड्याला जास्त. बसवल्यावर सपाट पट्टी ठेवून हलकं ठोका. फटीतून वर आलेलं लगेच काडीने काढा, ते वाळलं तर फटीत दुसरं काही जायला जागा उरत नाही. एक दिवस हात लावू नका.

फटी भरणं, आणि माझी चूक

पांढऱ्या फटीत सगळे तुकडे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, काळपट फटीत प्रत्येक तुकडा सुटा उठून दिसतो. मला आईचं निळं फूल वेगळं दिसायला हवं होतं म्हणून काळपट घेतलं. अर्धा किलो सिमेंटला २५ ग्रॅम काळा ऑक्साइड, यापेक्षा जास्त घालू नका, सिमेंट कमजोर होतं. कोरडंच नीट मिसळा, मग पाणी. दह्यासारखं झालं की रबरी पट्टीने तिरकं फासत फटींत दाबा.

आता चूक. ग्लेझ केलेल्या तुकड्यांवरून हे पुसलं जातं. लादीवर ग्लेझ नसतं, तिला भोकं असतात. मी लादी न झाकता फासलं आणि तिच्या एका कोपऱ्यात काळा ऑक्साइड कायमचा शिरला. पॉलिशपेपरने अर्धा गेला, अर्धा ढगासारखा तिथेच आहे. तुम्ही आधी लादीवर मेणाचं पॉलिश दोनदा चोळा आणि काठाला लागून मास्किंग टेप लावा. नुसत्या टेपवर विसंबू नका, खालून ओल जाते.

फासल्यावर वीसेक मिनिटांनी स्पंज घट्ट पिळून गोल पुसा. स्पंज ओला असेल तर फटीतला माल उपसून बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी तुकड्यांवर पांढुरकी साय दिसेल, ती कोरड्या सुती फडक्याने निघते, धोतराचं जुनं फडकं उत्तम. तीन दिवस ओलं गोणपाट. मग थर्माकोल काढून त्या जागेत सिलिकॉन भरा, म्हणजे पाणी आत जात नाही आणि उन्हात लोखंड प्रसरण पावलं तरी त्याला जागा राहते.

उरलेल्या तुकड्यांतून नातीने गळ्यातलं करून मागितलं. निळं फूल मध्ये येईल असा दोन सेंटिमीटरचा गोल पकडीने काढला, कडा धार लावायच्या दगडावर पाणी घालून घासल्या, मग ४०० आणि ८००चा पेपर. गालावर फिरवून बघायचं, खरचटल्यासारखं झालं तर अजून घासायचं. भोक पाडायच्या भानगडीत पडलो नाही, तांब्याची तार काठावरून गुंडाळून वर कडी केली. तिच्या मैत्रिणीला कानातली हवी होती. तुकडा भरला ३ ग्रॅम, म्हणून तिला सव्वा सेंटिमीटरचे करून दिले, कान दुखत नाहीत. कॉलेजात कुठून घेतलं असं विचारतात म्हणे.

टेबलाची निगा फारशी नाही. गरम पातेलं चालतं, चहा सांडला तरी चालतो. आंबट चालत नाही. मेहुण्याने लिंबू सरबताचा पेला लादीवर रात्रभर ठेवला, सकाळी मरून रंगात फिकट गोल वळं. ते मेण चोळून थोडं झाकलंय. तमिळनाडूत चेट्टिनाडकडे आथंगुडी नावाच्या अशाच सिमेंटच्या लाद्यांना खोबरेल तेलाचा हात मारतात, तसा मी दिवाळीआधी एकदा मारतो, लगेच कोरडं पुसून. पावसाळ्यात टेबल जिथे आहे तिथेच राहतं. २८ किलो उचलून आत आणायला आता मुलगा घरी असावा लागतो.

अजून आठ लाद्या पलंगाखाली आहेत. कपांचे कान, मोजले मी, ३१.